रक्तदाता हयात आहे का, हे नोंदींवरून कसे ठरते?

इंदूरच्या रक्तदान शिबिरात काळे आडनावाचा दाता अर्जावर आपले नाव रोमन लिपीत लिहितो. तेच नाव पुढे मृत्यूच्या हिंदी दाखल्यावर ‘काले’ असे उतरले, मधले नाव गळाले आणि जन्मतारखेच्या जागी अंदाजे वय आले, तर संगणकाच्या लेखी ही दोन निराळी माणसे ठरतात. लग्नानंतर आडनावच नव्हे, तर कधी पहिले नावही बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा घोळ अधिकच वाढतो.

नियमित रक्तदानाचा आयुर्मानावर परिणाम होतो का, हे अभ्यासायचे तर दात्यांची यादी मृत्यूनोंदींशी जुळवावी लागते. स्वीडनमध्ये १९४७ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९६८ पासून नागरिकांना ओळख क्रमांक मिळत असल्याने तेथे हे काम बरेच सोपे आहे. जेथे असा क्रमांक नाही, तेथे नाव, जन्मतारीख, पत्ता यांच्या साम्याला गुण देतात; दुर्मीळ आडनाव जुळले तर जास्त, जोशी किंवा शर्मा जुळले तर कमी. या पद्धतीला १९६९ मध्ये फेलेगी आणि संटर या संख्याशास्त्रज्ञांनी गणिती बैठक दिली.

जुळवणीत मृत दाता निसटू शकतो, तसाच जिवंत दाता मृतांत गणला जाऊ शकतो. ही दुसरी चूक किरकोळ वाटते, पण हिशेब करून पाहावा. समजा, १,००,००० दात्यांपैकी ५०० जण मरण पावले आणि त्यांतले ४५० सापडले; उरलेल्या जिवंतांपैकी केवळ अर्धा टक्का चुकीने जोडले गेले, तरी ते सुमारे ५०० भरतात, म्हणजे ‘मृतां’च्या यादीतील निम्म्याहून अधिक लोक प्रत्यक्षात हयात असतात. आजारी माणसाला रक्तदान करू दिले जात नसल्याने दात्यांमध्ये मृत्यू मुळातच कमी असतात, आणि खरे मृत्यू जितके थोडे, तितका चुकीच्या जोड्यांचा वाटा मोठा.

रक्तपेढीच्या नोंदींत मात्र ही चूक पकडण्याची सोय आयतीच असते, आणि मला तीच सर्वांत चतुर वाटते. मार्चमध्ये मृत्यू नोंदलेल्या दात्याने जूनमध्ये पुन्हा रक्त दिले असेल, तर एक तर जोडी चुकली आहे किंवा तारीख. नियमित दात्यांमध्ये अशी प्रकरणे मोजली की जिवंतांना मृत ठरवण्याच्या प्रमाणाचा अंदाज येतो. निसटलेल्या मृत्यूंसाठी ज्यांचे निधन अन्य मार्गाने निश्चित ठाऊक आहे, अशा दात्यांपैकी किती जण जुळवणीत सापडले, ते पाहतात.

अडचण एवढीच की, नियमित दात्याचा पत्ता आणि नाव दर खेपेला तपासले जाते. वीस वर्षांपूर्वी एकदाच रक्त देऊन गाव सोडून गेलेल्याची नोंद शिळी राहते, आणि त्याच्याबाबतची चूक या कसोटीत दिसतच नाही.