धुता येणारा एअर फिल्टर: निवड आणि तेलाचं माप

फिल्टर धुतला, तेल लावून बसवला आणि दोन दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला, तर गाडी घेऊन येण्याआधी हे पत्रक वाचा. "फिल्टरच खराब निघाला" म्हणून परत येणारे कॉटन (धुता येणारे सुती कापडाचे) फिल्टर बहुतेक वेळा ठणठणीत असतात. त्यांना तेल जास्त झालेलं असतं.

एअर बॉक्समधून (फिल्टरच्या डब्यातून) इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात बऱ्याच गाड्यांना एमएएफ सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यात केसासारखी बारीक तार तापवलेली असते. वाहती हवा ती थंड करते आणि ती तापती ठेवायला किती करंट लागला, त्यावरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हवा मोजतो. जादा तेल उडून त्या तारेवर बसलं आणि त्यावर धूळ चिकटली, की सेन्सर हवा कमी दाखवतो. मग पेट्रोल कमी पडतं, गाडी पिकअपला अडखळते, स्कॅनरवर पी०१७१ हा, हवेच्या मानाने इंधन कमी असल्याचा कोड येतो. कोड नुसता पुसून घेऊ नका, तो परत येतो. सेन्सर काढून एमएएफ क्लीनरच मारा. कार्ब्युरेटर क्लीनर नको, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय प्लग जोडू नका.

आता तेलाचं. फिल्टरचा क्लीनर दोन्ही बाजूंनी मारून साधारण १० मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. मग नळाच्या हलक्या धारेखाली स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडा. उलट केलंत तर माती कापडात आणखी खोल जाते. पेट्रोल, कपड्यांची पावडर, वॉशिंग सेंटरचं प्रेशर यातलं काहीही नको. कॉम्प्रेसरच्या हवेने कापडाला भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत. सावलीत रात्रभर वाळवा. ओल्या कापडावर तेल सारखं पसरत नाही.

वाळल्यावर प्रत्येक घडीच्या माथ्यावरून तेलाची एकच बारीक रेघ ओढा आणि २० मिनिटं थांबा. तेल आपोआप खाली झिरपतं. लोक नेमके इथेच घाई करतात: रंग फिका दिसला की लगेच दुसरा हात मारतात. २० मिनिटांनंतरही पांढरे ठिपके राहिले तर तेवढ्याच जागी थेंब सोडा. फिल्टर उभा धरल्यावर काठाशी तेल साचत असेल, तर तो अजून गाडीत बसवायचा नाही. इंजिन ऑइल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) तर कधीच वापरू नका.

कुठला घ्यावा? रोजचं येणं-जाणं अंबड-सातपूर एमआयडीसीतून किंवा दिंडोरी-निफाडकडच्या बागांच्या कच्च्या रस्त्यांनी असेल, तर आम्ही कंपनीचा कागदी फिल्टरच सुचवतो. बारीक धूळ तो चांगली अडवतो. कॉटनचा फायदा पुन्हापुन्हा वापरता येण्यात आहे, आणि स्टेज १ रिमॅप केलेल्या (ताकदीसाठी ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेल्या) गाडीला मोकळा श्वास मिळण्यात. रिमॅप नसलेल्या टर्बो गाडीत नुसता फिल्टर बदलून जाणवण्यासारखी ताकद वाढत नाही. आवाज थोडा बदलतो, आणि त्यासाठी घेणार असाल तर खुशाल घ्या.

उघडा कोन फिल्टर (डब्याशिवाय बसणारा, शंकूच्या आकाराचा) आम्ही हीट शील्डशिवाय, म्हणजे इंजिनची उष्णता अडवणाऱ्या आडोशाशिवाय विकत नाही. बाहेर ४० अंश असताना बॉनेटखाली ७० अंश झाले, तर तिथली हवा साधारण ९ टक्के विरळ असते. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर त्यातलं थोडं भरून काढतो, सगळं नाही. शिवाय पाइपाचा व्यास बदलला की एमएएफचं मोजमापही चुकतं. बंपरमागे खाली उतरणारा इनटेक (हवा ओढणारा पाइप) पावसाळ्यात आणखी धोक्याचा: तुंबलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि सिलिंडरमध्ये पाणी गेलं, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इगतपुरी-कसाऱ्याकडे नेहमी जात असाल तर बंद एअर बॉक्सच बरा.

स्वस्त नकली फिल्टरमध्ये लांबी-रुंदी जुळते, पण रबरी काठ पातळ असतो. झाकण नीट दाबत नाही आणि धूळ बाजूच्या फटीतून आत जाते. कुठलाही फिल्टर बसवल्यावर ५०० किलोमीटरनंतर पाइपाच्या आत पांढरं फडकं फिरवा. करडी रेघ उमटली तर गाडी चालवणं थांबवून काठ तपासा.

तेल लावलेला फिल्टर आम्ही बदलून देत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. पण तो दुसऱ्याला नवा म्हणून देता येत नाही, त्यामुळे बसवण्याआधी माप इथेच जुळवून घ्या. आमच्याकडून घेतलेल्या फिल्टरची पहिली धुलाई आणि तेल आम्ही तुमच्यासमोर मोफत करतो, एकदा बघितलंत की पुढच्या वेळी घरी जमेल. येताना जुना फिल्टर, गाडीचं वर्ष आणि इंजिनचा प्रकार घेऊन या. कंपनीचा मूळ फिल्टर टाकून देऊ नका, वॉरंटीतल्या सर्व्हिसला जाताना तोच बसवून न्या.