थंडीतली बोट आतून का भिजते?

नाताळच्या सुट्टीत मुंबईची मंडळी श्रीनगरला जातात. परत आल्यावर दल सरोवरातल्या हाउसबोटीचं कौतुक करून झालं की हळूच एक तक्रार येते: "सकाळी छताला थेंब लोंबत होते, गादी खालून ओली. जुनी बोट, गळत असणार." चिल्लई कलानमध्ये, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस कडाक्याच्या दिवसांत, असं पाणी बहुतेक वेळा गळतीचं नसतं. आत झोपलेल्या माणसांनीच ते रात्रभर हवेत सोडलेलं असतं. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत बारा महिने बोटीवर राहणाऱ्यांचंही हिवाळ्यातलं मोठं भांडण थंडीपेक्षा या पाण्याशीच असतं.

हिशेब करून पाहू. एक घनमीटर हवेत 20 अंशांना फार तर 17 ग्रॅम वाफ राहू शकते, 5 अंशांना जेमतेम 7 आणि शून्याला 5. केबिन 25 घनमीटरची, आत 20 अंश आणि 60 टक्के आर्द्रता धरा. म्हणजे आत्ताच त्या हवेत 260 ग्रॅम पाणी आहे. श्वास आणि घाम मिळून झोपलेला माणूस ताशी साधारण 40 ग्रॅम वाफ सोडतो. दोघांचे आठ तासांत 640 ग्रॅम झाले. दारं-खिडक्या घट्ट लावल्या असतील तर हवेत आणखी 170 ग्रॅमचीच जागा उरलेली आहे. बाकीचं पाणी कुठेतरी बसणारच.

आणि ते हवा पूर्ण भरेपर्यंत थांबतही नाही. अशा हवेचा दवबिंदू 12 अंश आहे, म्हणजे 12 अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरणार. बाहेर उणे 5 असताना एकेरी काच किंवा उघडा पत्रा आतूनही तेवढा गार सहज होतो. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेली बाटली ओट्यावर गोल डाग पाडते, तोच हा प्रकार. इथे आपण बाटलीच्या आत बसलेलो असतो, एवढंच.

पण थेंब आधी छतालाच का? कारण बोटीचा तळ छताइतका गारठत नाही. गोडं पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे वर बर्फाची साय धरली तरी खालचं पाणी शून्य ते 4 अंशांत राहतं. बाहेरची हवा उणे 8 ला गेली की छताला उणे 8 लागतं, तळाला मात्र नाही. वर चढणारी ऊबदार दमट हवाही छतालाच भिडते. म्हणून ते वरून गळल्यासारखं दिसतं.

युरोपातल्या बहुतेक कालवाबोटी पोलादी असतात. पोलाद पॉलियुरेथेन फोमच्या सुमारे 2000 पट उष्णता वाहून नेतं, म्हणून आतून पत्र्याला चिकटून 25 ते 50 मिलिमीटर फोम फवारतात. फोम आणि पत्रा यांत फट राहता कामा नये. फोमऐवजी काचलोकर (ग्लासवूल) कोंबली तर वाफ तिच्यातून आरपार जाते, मागच्या पत्र्यावर दव धरतं, आणि गंज दिसेपर्यंत पत्रा खाल्लेला असतो. वाफ अडवणारा थर नेहमी उबदार बाजूला हवा. ससून डॉकवरच्या ट्रॉलरचा बर्फाचा कप्पा पाहा: तिथे आत गार आणि बाहेर मुंबई, म्हणून तोच थर बाहेरच्या अंगाला लागतो. आणि फोम कितीही चांगला असो, पत्र्यात थेट शिरलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सकाळी एकेक थेंब टपोरा बसलेला असतोच.

आता मुंबईकराची सवय आड येते. दमट वाटलं की आपण खिडकी लावतो, आणि जुलैत ते बरोबरच आहे: 28 अंश आणि 85 टक्क्यांच्या हवेत घनमीटरला 23 ग्रॅम पाणी असतं. पण शून्य अंशाच्या धुकट, 90 टक्के दमट हवेत फक्त साडेचार ग्रॅम असतं. ती आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 25 टक्क्यांवर येते. दोघांची ताशी 80 ग्रॅम वाफ बाहेर काढायला अशी 13-14 घनमीटर हवा तासाला पुरते, आणि ती तापवायला जुन्या 100 वॉटच्या बल्बाएवढी उष्णता. तेव्हा एक झरोका खाली, एक वर, दोन्ही रात्रभर उघडे.

धुराडं नसलेला गॅस हीटर आणू नये. एक किलो एलपीजी जळला की 1.6 किलो पाणी तयार होतं, कारण ऑक्सिजनचं वजन हवेतून येतं. घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरातून 22 लीटरहून जास्त पाणी निघतं! शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच. त्याचा अलार्म उशीच्या उंचीला लावावा. गळलेला एलपीजी मात्र जड, तो तळाशी साचतो, म्हणून त्याचा सेन्सर खाली. धुराड्याची लाकडाची शेगडी किंवा धूर बाहेर टाकणारा डिझेल हीटर चालतो. ओलावा काढणारं यंत्र घ्यायचं तर झिओलाइटचं, म्हणजे वाफ शोषणाऱ्या खनिजाचं घ्यावं. कॉम्प्रेसरवाल्याच्या नळ्यांवर गार केबिनमध्ये बर्फ चढतो.

कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवून "नकारात्मक ऊर्जा" शोषणाऱ्यांसाठी: मिठाला पाझर फुटतो तो आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली म्हणून. कपाटात टांगायच्या पिशवीतलं कॅल्शियम क्लोराइड बरंच आधी पाणी ओढतं, पण ते कपाटापुरतंच. ताशी 80 ग्रॅम तिच्या आवाक्यातले नाहीत.

राहिली खालून ओली होणारी गादी: अंगातली वाफ गादीतून उतरून खालच्या गार फळीवर दव धरते, म्हणून गादीखाली सलग प्लायवूड नको. पट्ट्या ठोकून दोन सेंटिमीटर पोकळी ठेवावी, आणि दिवसा गादी उभी करावी.

तरीही गळतीचा संशय असेल तर वीतभर पॉलिथीन चारही बाजूंनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावं. खोलीकडची बाजू ओली झाली तर दव. मागची ओली निघाली तर बोटीत मालकाला हाक मारावी, आणि मुंबईच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवावी.