‘शिकलेलेच जास्त बेकार’ हा आकडा नीट वाचा

बारावीचा निकाल लागला की हे वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पदवी घेऊन काय होणार? शिकलेलेच जास्त बेकार आहेत.’ आधाराला आकडाही असतो, आणि तो खराही आहे. 2024 च्या भारत रोजगार अहवालानुसार, 2022 मध्ये 15 ते 29 वयाच्या पदवीधरांत बेरोजगारी 29.1 टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत फक्त 3.4 टक्के.

पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. बेकार म्हणजे काम नसलेला आणि काम शोधणारा. सकाळी सातला डबा घेऊन मजूर नाक्यावर उभा राहणारा माणूस आठवडाभरात दोनच दिवस उचलला गेला, तरी तो बेकारांत येत नाही. वर्षात तीस दिवस काम केलं तरी या मोजणीत रोजगार आहे असं धरलं जाऊ शकतं. त्याला घरी बसणं परवडतच नाही. पदवीधराला आई-वडिलांच्या आधारावर वर्ष-दोन वर्षं मनासारख्या नोकरीची वाट पाहता येते.

वयही बघा. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी 42 टक्क्यांवर आहे, पस्तिशीनंतर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. ती वाट पाहण्याची वर्षं फार जीवघेणी असतात, हे मी नाकारत नाही. मिळालेलं काम शिक्षणाला साजेसं असतंच असंही नाही. म्हणून कॉलेज निवडताना तिथल्या मुलांना पुढे काय काम मिळालं, हे जाऊन विचारा.