कॅसेट दिसली की मौखिक इतिहास नव्हे

घरातली जुनी ट्रंक विद्यापीठाच्या संग्रहाला द्यायची ठरली की हटकून एकच वाटणी होते. कागद एका खोक्यात, कॅसेटी दुसऱ्यात. पहिल्यावर 'खासगी कागदपत्रे' आणि दुसऱ्यावर 'मौखिक इतिहास' अशी चिठ्ठी लागते. शिकलेली माणसंही हेच करतात, आणि ही वाटणी मुळातच चुकीची आहे.

खासगी कागदपत्रांबद्दल फार सांगायला नको. पत्रं, डायऱ्या, दुकानाच्या वह्या, फोटो, आमच्या गोव्यात शिक्क्याच्या कागदावरचे पोर्तुगीज अर्ज, हे सगळं त्यात येतं. सरकारी दप्तर वेगळं. पणजीच्या दप्तरखान्याची परंपरा १५९५ पासूनची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याची तिथे नेमणूक झाली तेव्हापासूनची. पुढे तो दप्तरखाना सांभाळणाऱ्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचा स्वतःचा संग्रह मात्र ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इथवर कुणाचा घोळ होत नाही.

घोळ होतो तो पुढे. वस्तू कागदाची आहे की आवाजाची, यावर काहीच ठरत नाही. ती केव्हा आणि कुणासाठी तयार झाली, यावर सगळं ठरतं. काका कुवेतला होते तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. 'आई, पैसे पोचले का? छप्पर शाकारलं का?' असं त्यात बोललेलं. ही कॅसेट म्हणजे पत्रच, तिची जागा खासगी कागदपत्रांत. उलट, आजीला समोर बसवून तुम्ही दोन तास प्रश्न विचारलेत आणि तिची उत्तरं टाइप करून फाइलला लावलीत, तर ती फाइल कागदाची असूनही मौखिक इतिहास. फुगडीचं किंवा धालो या गोव्यातल्या बायकांच्या नाचगाण्याचं रेकॉर्डिंग यांपैकी कशातच बसत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली मौखिक परंपरा, आणि तिचा कप्पा निराळा.

कागद तुम्ही तिथे पोचण्याआधीच लिहून झालेला असतो. त्याला तुमची गरज नव्हती. मुलाखत मात्र तुमच्यामुळे घडते, घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी, आणि तुम्ही विचाराल त्या वाटेने जाते. म्हणून ती दोघांची असते. टंकलेखनातून प्रश्न गाळून नुसती उत्तरं छापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. प्रश्नच काढून टाकला तर आजी आपणहून बोलली की तिच्याकडून वदवून घेतलं, हे कळणार कसं?

आमच्याच घरातलं सांगतो. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्याची भारताने नाकेबंदी केली त्या काळातली आजोबांच्या किराणा दुकानाची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आमच्याकडे आहे. १९५९ मध्ये रुपयाच्या जागी एस्कुदो हे पोर्तुगीज नाणं आलं, एका रुपयाला सहा. त्या पानापासून आजोबांच्या रकान्यांतला हिशेब बदललेला दिसतो. आजी मात्र रेकॉर्डिंगमध्ये शेवटपर्यंत रुपयेच म्हणते. दुसरी विसंगती मोठी. आजी म्हणते, त्या वर्षांत बटाटा डोळ्यांनी दिसला नाही. वहीत तर बटाट्याची विक्री आठवड्याला दोनदा लिहिलेली! चुलतभावाने लगेच निकाल दिला, 'म्हातारीला आठवत नाही.' मी पुन्हा जाऊन तिला वही वाचून दाखवली. ती म्हणाली, 'ते बटाटे न्हय रे!' बेळगावचे बटाटे घाटावरून यायचे बंद झाले होते आणि बोटीने हॉलंडचे येत होते. तिच्या लेखी ते बटाटेच नव्हते.

दुकानात काय विकलं गेलं, ते वही सांगते. घरात काय गेल्यासारखं वाटलं, ते आजी सांगते. तारीख, भाव, नाव तपासायचं तर कागदाकडे जावं. मुलाखतीला तारीख विचारायची आणि ती चुकली की मुलाखतच खोटी ठरवायची, हा अन्याय आहे. आणि मुलाखत झाली म्हणून वही रद्दीत घालणं तर अक्षम्य.

आणखी एक खटकणारी गोष्ट. आजी बोलली कोंकणीत, आणि एका ठिकाणी तिचं बोलणं टाइप होऊन आलं ते छापील मराठीत, व्याकरणासकट. मी आयुष्यभर मराठीत लिहीत आलो, तरी सांगतो, हे करू नका. मूळ म्हणजे रेकॉर्डिंग. भाषांतर खुशाल जोडा, पण 'भाषांतर' असं लिहून. 'न्हय'चं 'नव्हेत' झालं की तिचा फणकारा गेला.

बाकीचे फरक किरकोळ. मुलाखतीला बोलणाऱ्याची लेखी संमती हवी, आणि ती त्याच दिवशी घ्यावी. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा, आणि पत्र त्याच्या हयातीत छापलं गेलं नसेल तर ते पहिल्यांदा छापल्यानंतर साठ वर्षं. ट्रंकेतले कागद तारीखवार लावू नका. आजोबांनी कुठलं पत्र कुठल्या वहीत ठेवलं, तेही वाचायचं असतं. लॅमिनेशन तर अजिबात नको.

आमच्या खोक्यावर आता एकच चिठ्ठी आहे: खासगी कागदपत्रे, रोजकीर्दी, पत्रे, कुवेतच्या चार कॅसेटी. आजीची मुलाखत वेगळ्या पाकिटात आहे, दोन्ही बैठकींच्या तारखा आणि माझे सगळे प्रश्न जोडून, त्यात वही वाचून दाखवल्यावरचा तो प्रश्नही.