बीटचा रस आणि पुरुषांचे आरोग्य : ग्राहकांसाठी माहिती

दुकानातली गर्दी ओसरली की बरेच ग्राहक हळू आवाजात विचारतात, "बीटच्या रसाने ताकद वाढते ना?" गल्ल्यावर उभ्या उभ्या सांगण्याइतके हे उत्तर छोटे नाही, म्हणून लिहून देत आहोत.

लिंगाला ताठरता येते ती रक्तपुरवठ्यामुळे. नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरते. या वायूचे शरीरातले काम उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 1998 साली नोबेल मिळाले. बीटमध्ये नायट्रेट भरपूर असते आणि त्यापासून शरीर हाच वायू तयार करते.

हा बदल सुरू होतो तुमच्या जिभेवर. पोटात गेलेले नायट्रेट रक्तातून लाळेत परत येते आणि जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, त्यापासून पुढे हा वायू बनतो. रस पिऊन दात-जीभ लाल झाली की अनेक जण लगेच माउथवॉशने गुळण्या करतात. त्याने हे जिवाणूच मरतात. मग महिन्याने तक्रार येते, "काहीच फरक नाही, रस पातळ आहे का?" रस पातळ नाही, पाणी आम्ही घालतच नाही. साध्या पाण्याने चूळ भरा. रोज सकाळी माउथवॉशची सवय असेल तर आधी तिचा विचार करा. बीट उकडून पाणी फेकून देणाऱ्यांचेही बरेचसे नायट्रेट त्या पाण्याबरोबर जाते.

संध्याकाळी एक बाटली नेऊन रात्री गोळीसारखा परिणाम मिळेल, ही अपेक्षा मात्र धरू नका. बीटच्या रसाने रक्तदाब थोडा उतरतो हे दिसून आले आहे. ताठरतेवर थेट उपाय म्हणून तेवढा भक्कम पुरावा नाही. म्हणून आमच्या बाटलीवर 'ताकद' हा शब्द छापलेला नाही आणि छापणारही नाही. इटलीत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताठरतेची तक्रार असलेल्या लठ्ठ पुरुषांनी दोन वर्षे आहार सुधारला, व्यायाम केला, वजन उतरवले. त्यांपैकी जवळपास एकतृतीयांश जणांची तक्रार गेली. तेव्हा रसासोबत ताटात पालक, मुळा, डाळी, मूठभर अक्रोड येऊ द्या. सिगारेट आणि गुटखा चालू ठेवून रस पिण्यात अर्थ नाही.

मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच रस सुरू करा. छातीत दुखण्यावर सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी व्हायग्रासारखी गोळी कधीच घेऊ नये. ताठरता सतत कमी होत असेल तर मधुमेह आणि हृदयाची तपासणी करून घ्या, हृदयविकाराची ती आधी मिळालेली सूचना असू शकते. लघवी लालसर झाली तर बहुधा तो बीटचा रंग असतो, पण रस बंद करूनही लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

आमचा रस सकाळी काढलेला, बिनसाखरेचा असतो. फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशीसाठी हवा असेल तर आदल्या रात्री फोनवर फक्त "बीट, एक बाटली" एवढेच सांगा. कशासाठी हवा, हे आम्ही कुणालाच विचारत नाही.