विदर्भात पाणी कुठे साठतं?

नागपूरची सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची आहे. तिथून पश्चिमेला वर्धा, अमरावती, अकोला, पार बुलढाण्यापर्यंत हाच काळा दगड, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा. पूर्वेला थोडं गेलं की तो संपतो आणि भंडारा-गोंदियाकडचे त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइट-नाइसचे खडक लागतात. एका अंगाला पऱ्हाटी म्हणजे कापूस नि तूर, दुसऱ्या अंगाला धान. पावसातही फरक आहेच. अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला साधारण 750 ते 800 मिलिमीटर, गोंदिया-गडचिरोलीकडे 1300 च्या वर. पण इथल्या गावांचा इतिहास समजून घ्यायचा तर पाऊस किती पडतो यापेक्षा पडलेलं पाणी राहतं कुठे, हे आधी विचारावं असं माझं मत आहे. पश्चिमेत ते मातीतच राहतं. पूर्वेत राहत नाही, अडवावं लागतं.

बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं भरपूर असतात. विड्याच्या पानांच्या चवडीसारखे त्यांचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. पाणी शिरलं की ते एकमेकांपासून सरकतात. म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात भारी वावरात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते, पावसाने भेगा मिटल्या की खालची माती वर रेटली जाते, आणि ही उलथापालथ दरवर्षी चालू राहते. अशा एक मीटर खोल जमिनीत पिकाच्या मुळांना ओढून घेता येईल असं 150 ते 200 मिलिमीटर पाणी मावतं. पाऊस गेल्यावर हरभरा, गहू, रब्बी ज्वारी यांचं भागायचं ते याच ओलीवर. विहीर नको, पाट नको, शेजाऱ्याला विचारणं नको.

अडचण वापशाची, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल असण्याची. ओली असताना ही माती वखराला चिकटून बसते, वाळली की दगड होते. मधले मोजके दिवस तेवढे कामाचे. नुसत्या लाकडी अवजाराला ती दाद देत नाही. पारशिवनीजवळ नायकुंडला पेंच नदीच्या काठी उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वी 700 च्या सुमाराची. माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांतूनही, म्हणजे दगडांचं कडं रचलेल्या प्राचीन दफनांतूनही, लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या निघाल्या आहेत. भारी जमीन वहितीखाली येण्याची गोष्ट या लोखंडापासून सांगायला हवी.

त्या जमिनीवर राज्याचा हात कुठवर पोचायचा, ते अचलपूरजवळच्या चम्मकला सापडलेल्या पाचव्या शतकातल्या ताम्रपटात दिसतं. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं आणि गावाला माफ केलेल्या गोष्टींची यादी कोरून ठेवली: पाळीपाळीने गाई-बैल पुरवणं, फुलं आणि दूध, अधिकाऱ्यांच्या मुक्कामाला चारा, कातडी, कोळसा. माफीची यादी वाचली की बाकीच्या गावांच्या मानेवर काय होतं ते आपोआप कळतं.

मधली शतकं ओलांडून 1853 ला येऊ. वऱ्हाड, म्हणजे पश्चिम विदर्भ, इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला खामगावचा फाटा सुरू झाला. रयतवारीत सारा थेट शेतकऱ्याच्या नावावर, जमीन गहाण टाकायची मोकळीक त्याच्याच हाती, आणि सावकार दाराशी. पाणी ज्याच्या त्याच्या वावरात साठतं तिथे असं एकेकट्याचं शेत बाजाराला जोडणं सोपं गेलं. पण नांगर चराईच्या आणि बरड जमिनींतही घुसला. बरडावर मातीचा थर कधी वीतभरच असतो. भारी काळीच्या मानाने तिथे पाव हिस्सा पाणीसुद्धा मावत नाही. चराई गेली तशी बैलजोडी पोसणं जड झालं. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात रूळ होते, कापसाच्या पेठा होत्या, तरी माणसं मेली. 1901 च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या 1891 पेक्षा कमी भरली.

तोच हिशेब आजही सुटलेला नाही. जुना देशी कापूस 26 गुणसूत्रांचा, मुळं खोल, पीक लवकर मोकळं. अमेरिकन कापूस 52 गुणसूत्रांचा. 1970 ला एच-4 हे संकरित वाण आलं, 2002 ला जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि लांब मुदतीची संकरित पऱ्हाटी हलक्या जमिनीतही पसरली. तिथली ओल दिवाळीच्या आसपास संपते आणि नेमकी तेव्हाच बोंडं भरत असतात. त्यात फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी उभी ठेवली, की गुलाबी बोंडअळीला हिवाळाभर खायला मिळतं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हलक्या जमिनीत कमी मुदतीची सरळ (संकरित नसलेली) वाणं दाट लावायला सांगते, ते ओल संपायच्या आत वेचणी उरकावी म्हणूनच.

आता पूर्वेकडे. तिथल्या सारा ठरवण्याच्या बंदोबस्तात जमिनीची प्रतवारी कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार अशी लावलेली. कन्हार भारी, सिहार रेताड. धानाचा जीव जातो तो पाऊस कमी पडल्यामुळे क्वचित, बहुतेक वेळा पावसाने भलत्या वेळी दडी मारल्यामुळे. लोंबी निसवताना बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी हवं आणि नेमकं हस्त नक्षत्र कोरडं गेलं, की चार महिन्यांची मेहनत पोचट दाण्यांत जाते. तेवढ्यासाठी एक-दोन पाणी हाताशी असलं तरी पीक वाचतं. चढउताराच्या रानात खोलगट जागेवर मातीची पाळ घातली की वरच्या जंगलातून येणारं पाणी थांबतं, सांडव्यावरून निघालेलं खालच्या तलावात जातं, तिथून पुढच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात. अशा माळाच उभ्या राहिल्या.

चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी यासाठी काढलेली सोय मोठी अकलेची होती. रान तोडून जो तलाव बांधेल त्याला जमीन सारामाफीने. त्या हक्काला तुकुम म्हणत. चंद्रपुरात आजही तुकुम नावाची वस्ती आहे. पाळ कुठे घालायची, पाणी कुठून काढायचं यातले वाकबगार कोहळी समाजाचे लोक. इंग्रजी अमदानीत मालगुजारी आली, म्हणजे सारा भरणाऱ्या मालगुजाराकडे गावाची मालकी गेली, आणि तलाव मालगुजाराचे झाले. हा काळ गोडगोड रंगवायचं कारण नाही. पाळीचं तोंड ज्याच्या हुकमाने उघडायचं, त्याच्या मर्जीवर कुळांचं धान होतं आणि वेठही होती. पण दरसाल पाळीवर माती पडायची, उन्हाळ्यात गाळ निघायचा, आणि निस्ताराचे, म्हणजे पाणी-चारा-सरपण वापरायचे, हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या रिवाजांच्या नोंदीत लिहिलेले असायचे. गाळ वाया जात नसे. पाणलोटातून वाहून आलेले चिकणमातीचे बारीक कण आणि सेंद्रिय द्रव्य त्यात असतं. रेताड सिहारीत तो पसरला की तीच जमीन ओल धरू लागते. पश्चिमेला निसर्गाने दिलेलं काळं सोनं पूर्वेच्या शेतकऱ्याने बैलबंडीतून वाहून आणलं, म्हणा ना.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 1951 पासून तलाव सरकारजमा झाले. जुलूम जायलाच हवा होता. मात्र तलावाबरोबर येणारी दरसालची मेहनत कोणाच्या नावावर चढवायची, ते राहून गेलं. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, छोटे जिल्हा परिषदेकडे. पाळीवर झाडं वाढली, पोटात बेशरमाची झुडपं माजली, गाळाने खोली उथळ झाली. काठावर अतिक्रमणं झाली ती वेगळीच. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत यंत्रं लावून गाळ निघू लागला आहे. तो कोणत्या वावरात टाकायचा हे मात्र माती पाहून ठरवावं. रेताड बांधीत त्याचं मोल मोठं. कन्हारीत टाकला तर आधीच पाणी तुंबणाऱ्या जमिनीत आणखी चिकण भरण्यापलीकडे फारसं काही होणार नाही.