गड विकला, किताब राहिला: 'बुर्गग्राफ' या पदवीची पार्श्वभूमी

मध्ययुगीन जर्मनीबद्दल मराठीत काही वाचायला घेतलं की ग्राफ, मार्कग्राफ, बुर्गग्राफ या सगळ्यांना सरसकट 'सरदार' म्हटलेलं आढळतं. मला ते फार खटकतं. कोणाची नेमणूक कुठे झाली, त्याच्याकडे काम कोणतं, हे त्या पदवीतच सांगितलेलं असतं आणि 'सरदार' म्हटल्यावर ते सगळं पुसलं जातं.

मूळ शब्द 'ग्राफ'. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या काळात, म्हणजे इ.स. ८०० च्या आसपास, ग्राफ हा राजाने नेमलेला अंमलदार होता. नेमून दिलेल्या मुलुखात न्यायनिवाडा करायचा, राजाचं येणं वसूल करायचं, मोहीम निघाली की माणसं घेऊन हजर व्हायचं. पण बापामागे मुलालाच तिथे बसवायचा शिरस्ता पडत गेला आणि अंमलदारीचं वतन झालं. सरहद्दीचा मुलूख सांभाळणारा तो मार्कग्राफ. फाल्ट्सग्राफ राजवाड्याच्या कारभारातून पुढे आला. लांडग्राफ मोठ्या सलग प्रदेशावर असे. थुरिंगियाच्या लुडविगला ११३१ मध्ये ही पदवी मिळाली. धर्मगुरूंनी रक्त सांडायचं नाही, म्हणून मठांच्या आणि बिशपांच्या जमिनीवर तलवार आणि फौजदारी न्याय 'फोग्ट'कडे असे. शहरात येणं वसूल करून न्यायासनावर बसणारा 'शुल्थाइस'. आज जर्मनीत पावलोपावली भेटणारं शुल्ट्स हे आडनाव त्याच हुद्द्यावरून आलंय.

यातला बुर्गग्राफ आपल्याला जवळचा वाटतो, कारण 'बुर्ग' म्हणजे किल्ला आणि आपल्याकडे किल्लेदार हा शब्द तयार आहे. पण तो पुरा पडत नाही. जुन्या जर्मन भाषेत 'बुर्ग' म्हणजे तटबंदीचं शहरही. त्यामुळे बुर्गग्राफकडे गडाची शिबंदी आणि पहारा असायचाच, शिवाय बऱ्याच ठिकाणी खालच्या वस्तीवर न्यायाचा अधिकारही असायचा. त्याला नेमणारा कुठे राजा असे, कुठे बिशप. सॅक्सनीतल्या माइसन शहरात एकाच टेकडीवर मार्कग्राफ, बिशप आणि बुर्गग्राफ असे तिघे नांदत होते. हेसेमधल्या फ्रीडबेर्गला तर गडावरचे शिलेदार आपल्यातूनच बुर्गग्राफ निवडत.

सगळ्यात बोलकी हकिकत न्यूरेंबर्गची. तिथे वालुकाश्माच्या खडकावर सम्राटाचा गड आहे आणि त्याला लागून बुर्गग्राफचा वेगळा गड होता. १२ व्या शतकात हे पद राब्स घराण्याकडे होतं. त्यांचा पुरुष वंश खुंटला. त्या घरच्या सोफियाचं लग्न झोलर्न घराण्यातल्या फ्रीडरिशशी झालेलं, म्हणून ११९२ च्या सुमारास बुर्गग्राफपद जावयाकडे आलं. दरम्यान खालचं शहर वाढत होतं. १२१९ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रीडरिशने त्याला मोठी सनद दिली. पुढे व्यापारातून श्रीमंत झालेल्या नगरमंडळाला डोक्यावर बसलेला हा शेजारी नकोसा झाला. उलट बुर्गग्राफचा मानही चढत होता. १३६३ मध्ये सम्राट चौथ्या कार्लने त्याला राजपुत्रांच्या पंक्तीला बसवलं.

मग १३७७ मध्ये शहराने बुर्गग्राफच्या गडाशेजारीच एक उंच बुरूज चढवला. त्याचं नाव 'लुगिन्सलांड', म्हणजे मुलुखाकडे नजर टाकणारा. नजर मुख्यतः होती ती बुर्गग्राफच्या अंगणावर. गडाच्या मालकाला स्वतःच्या घरात वाकून बघणारा बुरूज रोज समोर दिसत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल!

पुढे १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेच्या काळात राजा सिगिसमुंडने बुर्गग्राफ सहाव्या फ्रीडरिशला ब्रांडेनबुर्गचा, म्हणजे बर्लिनभोवतालचा मुलूख दिला. लक्ष तिकडे वळलं. १४२० मध्ये बव्हेरियाच्या इंगोलश्टाट शाखेच्या ड्यूकच्या माणसांनी न्यूरेंबर्गचा बुर्गग्राफी गड जाळला. फ्रीडरिशने तो पुन्हा बांधला नाही. १४२७ मध्ये त्याचे अवशेष शहरालाच विकून टाकले. जुन्या गडातला पंचकोनी बुरूज अजून उभा आहे. तो आणि लुगिन्सलांड यांच्यामधल्या जागेत शहराने १४९४-९५ मध्ये भलंमोठं धान्याचं कोठार बांधलं. दुसऱ्या महायुद्धात त्याची पडझड झाली, ते पुन्हा उभारलं गेलं आणि आज तिथे युवा पर्यटकांचं वसतिगृह आहे.

गड गेला, पण किताब घराण्याने सोडला नाही. ब्रांडेनबुर्गचे हे झोलर्न, म्हणजेच होहेनझोलर्न, १७०१ मध्ये प्रशियात राजे झाले, १८७१ मध्ये जर्मनीचे सम्राट. त्यांच्यातला शेवटचा सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या लांबलचक बिरुदावलीत सम्राट, प्रशियाचा राजा, ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ यांच्या पाठोपाठ 'न्यूरेंबर्गचा बुर्गग्राफ' येतंच. १९१८ च्या नोव्हेंबरात त्याने राज्यत्यागावर सही केली, तेव्हा गड विकून ४९१ वर्षं झाली होती.